कर्माची पाच कारणे आणि नोकरदाराचे मन
(श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६ यांवरील पाठ)

भगवद्गीता रणांगणावर सांगितली गेली, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ते रणांगण हेच अर्जुनाचे कामाचे ठिकाण होते, ह्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. क्षत्रियाचा जो व्यवसाय, तो करण्यासाठीच तो तेथे आला होता. साधने उत्तम होती, कौशल्याविषयी कोणालाही शंका नव्हती, पूर्वीच्या यशाची कीर्ती सर्वत्र पसरली होती. असे सर्व असूनही ऐन कामाच्या वेळी त्याचे मन खचले. गात्रे शिथिल झाली, तोंडाला कोरड पडली, अंगाला कंप सुटला, हातातले धनुष्य निसटू लागले, उभे राहवेना आणि मन भोवंडू लागले. पहिल्या अध्यायाच्या २८ ते ३० ह्या श्लोकांत ही लक्षणे एकामागून एक नोंदलेली आहेत. आजचा वैद्य रोग्याची लक्षणे जशी टिपून घेतो, तशीच ती टिपलेली आहेत.

ही अवस्था केवळ महावीरांनाच प्राप्त होते असे नाही. कचेरीत, दुकानात, रुग्णालयात, शाळेत, कारखान्यात काम करणाऱ्या असंख्य गृहस्थांना आणि गृहिणींना ती आज भोगावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगातील काम करण्याच्या वयाच्या माणसांपैकी सुमारे १५ टक्के माणसांना कोणता ना कोणता मनोविकार होता. आणि खिन्नता व चिंता ह्या दोनच विकारांमुळे जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात. हे केवळ दिवसांचे नुकसान नव्हे. त्या प्रत्येक दिवसामागे एक घर आहे, त्या घरात न बोलता जेवणारा एक माणूस आहे, आणि त्याच्याकडे पाहून गप्प झालेली मुले आहेत.

अशा माणसाला गीता काय सांगते, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पण त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याला गीता काय सांगते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत पाठाचा विषय मुख्यतः हा दुसरा प्रश्न आहे.

एक दृष्टांत

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक दृष्टांत कल्पू. म्हैसूर शहरात देवराज मोहल्ला नावाचा गजबजलेला भाग आहे. त्यातील जुनी मंडई सयाजीराव मार्गाला लागून आहे. ह्या मार्गाला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे नाव आहे. मंडईत म्हैसूर मल्लिगेच्या माळा, विड्याची पाने, केळी आणि कुंकवाच्या रंगीत राशी मांडलेल्या असतात. जवळच देवराज अरस मार्गावर कापडाची दुकाने ओळीने आहेत. अशाच एका दुकानात, समजा, एक मराठी भाषिक दिवाणजी बावीस वर्षे कीर्द-खतावणी लिहीत आहेत. दसरा जवळ आला आहे. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्या हिशेबात वारंवार चुका होत आहेत. दुपारचा डबा तसाच परत जातो. विचारले तर ते एवढेच म्हणतात, "बेजार झालो आहे." हा शब्द कन्नडातही आहे आणि मराठीतही, म्हणून त्या दुकानात तो सर्वांना समजतो, आणि सर्वांना समजतो म्हणूनच कोणी पुढे चौकशी करीत नाही.

मालक सज्जन आहेत, नित्य गीतापाठ करणारे आहेत. एके दिवशी चूक मोठी झाली. मालक गादीवरूनच म्हणाले, "दिवाणजी, आपण आपले कर्म नीट करावे, फळाची चिंता करू नये, असे भगवंतांनीच सांगितले आहे. मन आवरा आणि कामाला लागा." दिवाणजींनी मान खाली घातली.

मालकांचे वृद्ध वडील कोपऱ्यात जप करीत बसले होते. त्यांनी माळ बाजूला ठेवून विचारले, "बाळ, भगवंतांनी हे सांगितले तेव्हा ते कोठे बसले होते?"

"रथावर."

"कोणाच्या?"

"अर्जुनाच्या."

"हातात काय होते?"

"घोड्यांचे लगाम."

"आणि समोरून बाण कोणावर येणार होते?"

मालक काही बोलले नाहीत. वृद्ध म्हणाले, "दोघांवरही. ज्याने हा उपदेश केला तो त्याच रथात होता. तू गादीवर बसून सांगतो आहेस. आधी त्यांच्या मेजाशी जाऊन बस, त्यांना काय होते आहे ते विचार, आणि मग अठराव्या अध्यायातला चौदावा श्लोक काढून वाच."

पाच कारणांचे सूत्र

त्या श्लोकात भगवंतांनी कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. पुढच्या श्लोकात म्हटले आहे की शरीराने, वाणीने किंवा मनाने मनुष्य जे काही करतो, मग ते योग्य असो वा विपरीत, त्याची हीच पाच कारणे होत. आणि सोळाव्या श्लोकात निर्णय दिला आहे की असे असूनही जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याच्या बुद्धीला संस्कार झालेला नाही. त्याला खरे दिसत नाही.

श्रीशंकराचार्यांनी अधिष्ठान म्हणजे शरीर, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणांचे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांना अनुग्रह करणाऱ्या देवता असा अर्थ केला आहे. अध्यात्मदृष्टीने तो ग्राह्य आहेच. परंतु हेच सूत्र व्यवहाराला लावून पाहण्यास हरकत नाही. कारण कर्म हा व्यवहाराचाही पाया आहे.

येथे एक शंका उद्भवते. हे श्लोक तर कर्तेपणाचा अहंकार घालवण्यासाठी आहेत. नोकराच्या चुकांशी त्यांचा संबंध काय? समाधान असे. जे सूत्र यशाचे सारे श्रेय एकट्या कर्त्याला घेऊ देत नाही, तेच सूत्र अपयशाचा सारा दोषही एकट्या कर्त्याच्या माथी मारू देत नाही. नफा झाला तर "पेढीच्या पुण्याईने झाला" असे म्हणावयाचे आणि चूक झाली तर "दिवाणजींनी केली" असे म्हणावयाचे, ही सोळाव्या श्लोकात सांगितलेली अपुरी बुद्धीच होय. पाच कारणांपैकी चार सोडून एकाकडेच बोट दाखवणे हा व्यवहारातला अन्याय आहे. आणि त्या अन्यायाखाली नोकरदाराचे मन हळूहळू मोडते. आता पाचही कारणे क्रमाने पाहू.

पहिले कारण: अधिष्ठान

अधिष्ठान म्हणजे आधार, ज्यावर कर्म उभे राहते ती बैठक. कामाची जागा, तेथील प्रकाश, हवा, बसण्याची सोय, स्वच्छतागृह, आणि ती जागा उद्याही राहील हा भरवसा, ह्या सर्वांचा त्यात समावेश करावा.

देवराज मोहल्ल्यातील मंडईने ही गोष्ट डोळ्यांसमोर आणली आहे. समोरच्या लॅन्सडाउन इमारतीचा भाग २०१२ साली कोसळून जीवितहानी झाली. पुढे २०१६ च्या ऑगस्टमध्ये धन्वंतरी मार्गाकडील मंडईच्या वेशीचा भाग पडला. तेव्हापासून ही जुनी वास्तू जतन करावी की पाडून नवी बांधावी, हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि न्यायालयापर्यंत गेला. वास्तूच्या मूल्याची चर्चा विद्वानांनी केली. पण ज्याचा गाळा त्या छपराखाली आहे, त्याच्या मनात दररोज सकाळी फुले मांडताना एक वेगळाच प्रश्न असणार: पुढच्या वर्षी ही बैठक असेल का? डोक्यावरचे छप्पर आणि पायांखालची जागा दोन्ही अनिश्चित असतील, तर मन स्थिर ठेवण्याचा उपदेश कितपत उतरेल?

अधिष्ठान ह्या शब्दात बसण्याचा भाव सूचित होतो, तो तर अक्षरशः लागू पडला आहे. कापडाच्या दुकानांत विक्री करणाऱ्या मुलींना दहा-दहा तास उभे राहावे लागे; गिऱ्हाईक नसले तरी बसण्यास बंदी असे. केरळातील कोझिकोडच्या अशा विक्रेत्या स्त्रियांनी संघटित होऊन मागणी केली, आणि २०१८ साली केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. तामिळनाडूने २०२१ साली तसाच कायदा केला. एक बाकडे ही किती लहान गोष्ट! पण "तुला थकण्याचा अधिकार आहे" हे ती बोलून दाखवते. ज्याला थकण्याचाही अधिकार नाही, त्याला आपण मनुष्य आहोत हा विश्वास कसा राहावा?

दुसरे कारण: कर्ता

कर्ता म्हणजे काम करणारा. त्याच्यावर काहीच जबाबदारी नाही असे गीता म्हणत नाही. आपला उद्धार आपणच करावा, स्वतःला खचू देऊ नये, असे सहाव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात स्पष्ट सांगितले आहे. त्याच अध्यायातील १६ व १७ ह्या श्लोकांत त्याची रीतही आहे. अति खाणाऱ्याला व अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला व सतत जागणाऱ्याला योग साधत नाही. ज्याचे अन्न, फिरणे, कामातील हालचाल, झोप आणि जागरण माफक आहे, त्याचाच योग दुःख हरण करतो. हा नियम संन्याशासाठी जितका, तितकाच दुकानात काम करणाऱ्यासाठी आहे. वेळेवर जेवणे, रात्री पुरेशी झोप, दिवसातून थोडे चालणे आणि मनातले एका तरी माणसाजवळ बोलणे, ही कर्त्याची पहिली साधना होय.

दुसऱ्या अध्यायाच्या ६२ व ६३ ह्या श्लोकांत मनाच्या घसरणीची शिडी दाखवली आहे. एकाच गोष्टीचे चिंतन करीत राहिल्याने आसक्ती, तीतून इच्छा, इच्छेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश आणि शेवटी बुद्धीचा नाश. बढतीचे, अपमानाचे किंवा सहकाऱ्याच्या पगाराचे चिंतन रात्रंदिवस करणाऱ्याने ही शिडी जरूर ध्यानात ठेवावी. वरच्या पायरीवर असतानाच परत फिरणे सोपे असते.

मात्र येथे सावधपणा हवा. हे दोन्ही उपदेश स्वतःसाठी आहेत, दुसऱ्याच्या तोंडावर मारण्यासाठी नाहीत. "आपला उद्धार आपणच करा" असे मालकाने नोकराला सांगणे म्हणजे बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे महत्त्व समजावणे होय.

तिसरे कारण: करण

करण म्हणजे साधन. दिवाणजींची लेखणी गेली, संगणक आला. नवे साधन शिकण्यास त्यांना किती दिवस मिळाले? चूक दिवाणजींची की न शिकवलेल्या साधनाची, हे मालकाने प्रामाणिकपणे पाहावे.

दुसरे साधन म्हणजे खिशातला दूरध्वनी. पूर्वी दुकानाला कुलूप लागले की दिवस संपत असे. आता दिवसाला कुलूपच नाही. रात्री दहाला "उद्याचा माल आला का?" असा निरोप येतो आणि जेवणाच्या ताटावरून माणूस उठतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेनंतर संपर्क न करण्याविषयी नोकरांशी बोलणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे कायदा होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. सुजाण मालकाला आपल्या हातातला दूरध्वनी आपणच खाली ठेवता येतो.

चौथे कारण: चेष्टा

चेष्टा म्हणजे नाना प्रकारचे प्रयत्न, श्रम, हालचाली. येथे कामाचे प्रमाण येते, आणि हाच विषयाचा गाभा आहे. ह्याच अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकाकडे मालकवर्गाने विशेष लक्ष द्यावे. परिणाम, नाश, हिंसा आणि करणाऱ्याचे सामर्थ्य ह्यांचा विचार न करता केवळ मोहाने जे काम आरंभले जाते, त्याला भगवंतांनी तामस म्हटले आहे. दोन माणसांचे काम एकावर टाकणे, आणि ते त्याला झेपेल का हे न पाहणे, हे ह्या श्लोकाच्या प्रकाशात केवळ धंद्यातले चातुर्य राहत नाही. ते तामस कर्म ठरते. अतिशय यातायात करून, अहंकाराने केलेले काम त्याच्या आधीच्या श्लोकात राजस म्हटले आहे. जे सात्त्विक नाही ते कितीही फायद्याचे असो, त्याचा हिशेब शेवटी मनुष्याच्या मनावर लिहिला जातो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना सुटीचा दिवस नव्हता, तेव्हा १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि पगार ठरलेल्या वेळी, असे त्या मागण्यांचे स्वरूप होते. रविवारची सुटी १८९० साली मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. माफक श्रम आणि माफक विश्रांती हे गीतेतले तत्त्व होते. ते गिरणीच्या भोंग्यापर्यंत आणण्यास माणसांना झगडावे लागले.

श्रमाच्या प्रमाणाबरोबर आणखी एक गोष्ट आहे. रॉबर्ट कॅरासेक ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली दाखवून दिले की केवळ काम जास्त असल्याने मन जितके पिळवटते, त्याहून अधिक ते काम जास्त आणि त्यावर आपला अधिकार काहीच नाही अशा स्थितीत पिळवटते. कोणते काम आधी करावे, कोणते नंतर, एवढे ठरवण्याची मोकळीक दिली तरी तोच भार हलका वाटतो. इंग्लंडच्या सरकारी नोकरांच्या दीर्घ पाहणीतही असेच आढळले की ज्यांच्या हाती आपल्या कामाची सूत्रे नव्हती, अशा खालच्या श्रेणीच्या नोकरांना हृदयविकार अधिक होत होता. मन आणि हृदय ह्यांचे नाते केवळ कवींनीच सांगितलेले नाही.

पाचवे कारण: दैव

दैव म्हणजे जे कोणाच्याही हातात नाही ते. घरातील आजारपण, मृत्यू, महामारी, आणि मनाचा रोग हादेखील. जसा मधुमेह किंवा विषमज्वर होतो, तशीच खिन्नतेची व्याधी होते. ती पापाचे फळ नव्हे, आळस नव्हे, भक्तीची उणीवही नव्हे. श्रद्धाळू कुटुंबांत ह्या ठिकाणी मोठी चूक होते. "नामस्मरण वाढवा, बरे वाटेल" असे सांगून महिनोन् महिने वैद्याकडे नेत नाहीत. नामस्मरणाने धीर येतो, हे खरे. पण हाड मोडले असता ज्याप्रमाणे आपण स्तोत्रही म्हणतो आणि वैद्याकडेही जातो, त्याप्रमाणेच येथेही करावे. दैवापुढे हात टेकावेत असे भगवंतांनी म्हटलेले नाही; दैव हे पाचांतले एक आहे, पाचही नव्हे.

म्हैसूर हे मनाच्या अभ्यासाचे जुने पीठ आहे. तेथील महाराजा कॉलेजात १९२४ साली मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी तो वाढवला. ह्याच गोपालस्वामींनी १९३५ साली आपल्या घरी खाजगी नभोवाणी केंद्र चालू केले, आणि 'आकाशवाणी' हे नाव तेथूनच प्रसिद्धीस आले. मंडईपासून थोड्याच अंतरावर कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे. तेथे इतर विकारांप्रमाणे मनोविकारांवरही उपचार होतात. बंगळूरची निम्हान्स ही संस्था तर देशभर ज्ञात आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यापासून अंमलात आला. त्याने अशा उपचारावर प्रत्येकाचा हक्क मान्य केला आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे असे ठरवले. भारत सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ ह्या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून मिळते. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखवले, तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नये, त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

सारथ्याची रीत

पाच कारणे कळली, तरी मालकाने बोलावे कसे? ह्याचे उत्तर श्लोकांत आहे तसेच भगवंतांच्या वागण्यातही आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की अर्जुनाने "रथ मध्ये उभा कर" म्हटल्यावर श्रीकृष्णांनी रथ उभा केला. युद्ध तोंडावर आले असताना त्यांनी थांबण्यास वेळ दिला. पुढे दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी, २ व ३ ह्या श्लोकांत, त्यांनी कठोर शब्द वापरले, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु त्या कठोर शब्दांनी काय झाले ते पाहावे. अर्जुन उठला नाही. त्याने पुन्हा आपले दुःख मांडले, इंद्रिये सुकवणारा हा शोक कशाने जाईल ते दिसत नाही असे सांगितले, आणि तो गप्प बसला. खरा उपदेश सुरू झाला तो अकराव्या श्लोकापासून, म्हणजे त्याने मन पूर्ण मोकळे केल्यानंतर. रागावून माणूस उठत नाही, हा अनुभव गीतेने स्वतःच नोंदवून ठेवला आहे.

त्यानंतर अर्जुनाने शंका विचारल्या, पुन्हा पुन्हा विचारल्या. तुमच्या बोलण्याने माझी बुद्धी अधिकच गोंधळते, असेही तिसऱ्या अध्यायात म्हटले. त्याला कोणी उद्धट ठरवले नाही. सहाव्या अध्यायात मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे असे तो म्हणाला, तेव्हा भगवंतांचे पहिले उत्तर होते की ह्यात संशय नाही, मन खरोखर आवरण्यास कठीण आहे. आधी त्यांनी त्याची अडचण खरी मानली. मग अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगितला. शेवटी, सारे सांगून झाल्यावर, पूर्ण विचार कर आणि इच्छा असेल तसे कर, अशी मोकळीक दिली. आणि तुझा मोह गेला का, असे प्रेमाने विचारले. थांबणे, ऐकणे, अडचण मान्य करणे, उपाय सांगणे, निर्णय त्याच्यावर सोपवणे आणि नंतर पुन्हा चौकशी करणे, ही सारथ्याची रीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कामाच्या ठिकाणच्या मनःस्वास्थ्याविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातही कामाची रचना सुधारणे आणि वरिष्ठांना हाताखालच्या माणसांचा मनस्ताप ओळखण्याचे व ऐकून घेण्याचे शिक्षण देणे ह्यांवर भर आहे.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती ऐकणारे बंदिवान होते आणि सांगणाराही बंदिवानच होता. त्या वाणीचे सामर्थ्य विद्वत्तेत होतेच. पण ते एकाच भिंतीआड बसण्यातही होते. रथात न बसता रथीला उपदेश करता येत नाही.

दृष्टांताचा शेवट

मालक त्या दिवशी गादीवरून उठले आणि दिवाणजींच्या मेजाशी जाऊन बसले. पहिल्या दिवशी दिवाणजी काहीच बोलले नाहीत. बावीस वर्षांत कोणी विचारले नव्हते, तेव्हा एका दिवसात उत्तर कसे मिळावे? तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले. मेज जिन्याखाली आहे आणि तेथे दुपारी दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात सोडून गेलेल्या कारकुनाचे काम त्यांच्याकडेच आहे. संगणकात चूक झाली तर ती कशी दुरुस्त करावी हे कोणी शिकवलेले नाही. रात्री दूरध्वनी वाजेल ह्या धास्तीने झोप येत नाही. आणि पत्नीचे आजारपण चार महिने चालू आहे, हे त्यांनी दुकानात कोणालाही कळवले नव्हते. नोकरी जाईल अशी भीती होती. अधिष्ठान, चेष्टा, करण, कर्ता, दैव: पाचही कारणे एका माणसाच्या तोंडून बाहेर पडली.

मेज खिडकीजवळ आले. एक नवा मुलगा कामावर घेतला. संगणकाचे काम आठवडाभर बसून शिकवले गेले. रात्री आठनंतर दूरध्वनी करायचा नाही, असे मालकांनी स्वतःवर बंधन घातले. मालक स्वतः दिवाणजींबरोबर रुग्णालयात गेले. चुका एका दिवसात थांबल्या नाहीत. औषधाला आणि विश्वासाला दोन्हींना वेळ लागतो. पण दसऱ्याच्या आठवड्यात दिवाणजींचा डबा रिकामा होऊन घरी गेला. घरच्यांना तेवढे पुरे होते.

फलाची आसक्ती सोडून कर्म करावे, हा उपदेश मालकाला आधी लागू आहे. नफा हे त्याचे फल आहे. त्या फलावरची पकड थोडी सैल केल्याशिवाय त्याला समोरचा माणूस दिसणार नाही. आणि ज्याला समोरचा माणूस दिसला, त्याने गीतेचा पाठ अर्धा तरी आत्मसात केला असे म्हणता येईल.

मननासाठी

१. आपल्या हाताखालच्या माणसाची शेवटची चूक आठवावी. तिच्या पाच कारणांपैकी आपल्या हातात असलेली कारणे किती होती?

२. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला बसण्यास जागा, जेवण्यास वेळ आणि सुटीचा दिवस आहे का?

३. आपल्या कुटुंबातील नोकरी करणारी व्यक्ती घरी आल्यावर प्रथम आपण काय विचारतो: पगार, बढती, की "आज कसे वाटले?"

४. "बेजार झालो आहे" असे आपल्या तोंडून अलीकडे कधी निघाले? ते कोणाजवळ बोललो, आणि ते बोलण्याची लाज वाटली का? पहिल्या अध्यायात विषादालाही योग म्हटले आहे, ह्याचा विचार करावा.

५. अध्याय १८, श्लोक २५ पुन्हा वाचून, ह्या आठवड्यात आपण सोपवलेल्या एका तरी कामाला तो लावून पाहावा.